इंजिनातील खडखड : एका आवाजाच्या निदानाचा शतकभराचा इतिहास

#इतिहास #धागा

१.
भरलेली मोटार घाट चढत आहे, चालकाने गिअर बदललेला नाही आणि पाय मात्र ॲक्सिलरेटरवर दाबून धरला आहे. अशा वेळी बॉनेटखालून एक विशिष्ट आवाज येतो. पत्र्याच्या डब्यात खडे घालून तो जोरात हलवावा, तसा. गॅरेजमध्ये या आवाजाला ‘नॉकिंग’ म्हणतात. आजचा धागा या आवाजाच्या निदानाचा आहे. या निदानामुळे मोटारी वेगवान झाल्या आणि विमाने अधिक उंच उडू लागली. त्याच निदानातून निघालेल्या औषधाने जगभरातील मुलांच्या रक्तात शिसेही मिसळले.

२.
आधी थोडी पार्श्वभूमी. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधन आणि हवा यांचे मिश्रण शिरते, पिस्टन ते दाबतो, स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि मिश्रण पेटून पिस्टनला खाली ढकलते. मिश्रण पेटण्यापूर्वी जितके अधिक दाबावे, तितके त्याच इंधनातून अधिक काम मिळते. हे गणित १९ व्या शतकातच ठाऊक झाले होते. परंतु १९१० च्या दशकातील मोटारींचे संपीडन गुणोत्तर साधारण चारास एक एवढेच होते. त्यापुढे गेले की खडखड सुरू होई, शक्ती घटे, इंजिन तापे आणि कधीकधी पिस्टनलाच भोक पडे. साऱ्या मोटार उद्योगाची वाट या एका आवाजाने अडवून धरली होती.

३.
पण ‘आवाज’ म्हणजे नेमका कोणता? इंजिन अनेक प्रकारे वाजते. टॅपेटची फट वाढली तर वेगाबरोबर वाढणारी हलकी टिकटिक येते. पिस्टन सिलिंडरमध्ये सैल असेल तर थंड इंजिनात थपथप होते आणि इंजिन तापल्यावर ती ओसरते. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजले असेल तर खोल ठकठक ऐकू येते. त्या सिलिंडरच्या प्लगची वायर काढली की ती मंदावते. नॉकिंग मात्र भार पडताच उमटते आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच नाहीसे होते. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी धरून जुने मिस्त्री हे भेद ओळखतात. आरंभीच्या काळात मात्र हे भेद कोणी नीट वेगळे केलेलेच नव्हते.

४.
त्या वेळी सर्वमान्य समजूत अशी होती की सिलिंडरमध्ये साचलेली काजळी तापून लाल होते आणि ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटवते. त्यामुळे वर येणाऱ्या पिस्टनवर उलटा मार बसतो आणि आवाज होतो. उपाय एकच : इंजिन उघडा आणि काजळी खरवडा. खरवडल्यावर आवाज काही काळ कमीही होई, म्हणून समजूत पक्की झाली. उपाय लागू पडला म्हणजे निदान बरोबर, असे मानण्याचा मोह प्रत्येक काळात असतो.

५.
आता कथानायकांपैकी पहिला : चार्ल्स केटरिंग. अमेरिकेतील ओहायो राज्यातील डेटन शहरात त्याची ‘डेल्को’ ही कंपनी होती. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत त्याने तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर बसवला गेला आणि हाताने हँडल फिरवून इंजिन सुरू करण्याची जीवघेणी कसरत संपू लागली. त्याच मोटारीत त्याची बॅटरीवर चालणारी ठिणगी-यंत्रणाही होती. या गाड्या चढावर खडखडू लागल्या, तेव्हा जुन्या मॅग्नेटो पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी थेट बोट दाखवले : दोष केटरिंगच्या बॅटरी-ठिणगीचा. केटरिंगला हा आरोप जिव्हारी लागला.

६.
१९१६ मध्ये संकट आणखी वाढले. वीज न पोहोचलेल्या शेतवाड्यांसाठी केटरिंगने ‘डेल्को-लाइट’ हा छोटा जनित्रसंच बाजारात आणला. आगीच्या भीतीमुळे घराजवळ पेट्रोल ठेवणे गैरसोयीचे होते, म्हणून हे संच रॉकेलवर चालावेत अशी अपेक्षा होती. रॉकेलवर मात्र इंजिन असे काही वाजे, की विचारू नका. त्याच वर्षी केटरिंगकडे २७ वर्षांचा एक यांत्रिकी अभियंता नोकरीस लागला. त्याचे नाव थॉमस मिजली. केटरिंगने त्याच्यापुढे हा प्रश्न ठेवला : हा आवाज कशाचा आहे, ते शोधून काढ.

७.
अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडमधील केंब्रिज येथे, प्राध्यापक बर्ट्रम हॉपकिन्सन यांनी याच्या बरेच आधी या प्रश्नाला हात घातला होता. त्यांचा शिष्य हॅरी रिकार्डो हा दुसरा कथानायक. ठिणगीआधी मिश्रण पेटणे आणि खडखड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीमुळे दुसरी बळावू शकते पण दोन्ही एकच नाहीत, हे केंब्रिजच्या प्रयोगशाळेत उमगले होते. डेटनच्या मंडळींना हेच उत्तर आपल्या वाटेने स्वतंत्रपणे शोधावे लागले.

८.
मिजलीने केलेली पहिली गोष्ट निदानशास्त्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. त्याने कानावर विसंबणे सोडले. सिलिंडरमधील दाबाबरोबर हलणारा छोटा आरसा, त्यावर पडणारा प्रकाशझोत आणि त्या झोताचा मार्ग टिपणारी छायाचित्रणाची फिल्म, अशी त्याची योजना होती. पूर्वीची दर्शक-यंत्रे वेगवान इंजिनापुढे अपुरी पडत; प्रकाशकिरणाला मात्र वजन नसते. फिल्मवर उमटलेली रेषा स्पष्ट होती. ठिणगी योग्य वेळी पडते, ज्वलन व्यवस्थित सुरू होते, आणि ते पूर्ण होत आले असता दाब एकदम सुळक्यासारखा वर उसळतो. खडखड ठिणगीच्या नंतर होत होती. काजळी आणि बॅटरी हे दोन्ही आरोपी एका फटक्यात सुटले.

९.
मग होते काय? आज आपण ते असे समजतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरू लागते. पुढचे न जळलेले मिश्रण या पसरणाऱ्या ज्योतीमुळे आणखी दाबले जाते, आणखी तापते. ज्योत तेथे पोहोचण्याआधीच ते शेवटचे मिश्रण सारेच्या सारे एका क्षणी पेटते. त्या धक्क्याने सिलिंडरमधील वायू घंटेसारखा कंप पावतो. मोटारीच्या नेहमीच्या आकाराच्या सिलिंडरमध्ये या कंपाची वारंवारता सेकंदाला साधारण सहा-सात हजार असते. आपल्याला ऐकू येणारी किणकिणती खडखड ती हीच. येथे धातूवर धातू आपटत नसतो. वाजतो तो वायू.

१०.
१९१६ च्या डिसेंबरात मात्र हे सारे अज्ञात होते. मिजली आणि केटरिंग यांनी एक अंदाज बांधला. अमेरिकेत ‘ट्रेलिंग आर्ब्युटस’ नावाची एक रानवेल असते. थंडी सरण्यापूर्वीच ती फुलते आणि तिच्या पानांची पाठ लालसर असते. लाल रंगामुळे ती अधिक उष्णता शोषत असावी, असे त्यांना वाटले. मग रॉकेल लाल केले तर? तेही उष्णता शोषून लवकर वाफ होईल आणि खडखड थांबेल! प्रयोगशाळेत तेलात विरघळणारा लाल रंग सापडेना. हाताशी आयोडीन होते. ते टाकताच रॉकेल लाल झाले आणि इंजिनाचा आवाज थांबला.

११.
येथे थांबून जयघोष करणारे पुष्कळ असतात. मिजलीने पुढचा प्रयोग केला, म्हणून तो इतिहासात राहिला. त्याने खरे लाल रंग मिळवून इंधनात मिसळले. आवाजात काहीच फरक पडला नाही. मग आयोडीनचे एक रंगहीन संयुग घेतले, आवाज थांबला. म्हणजे रंगाचा संबंध नव्हता, आयोडीनचा होता. अंदाज साफ चुकीचा ठरला, पण त्या चुकीच्या दाराने ते योग्य खोलीत शिरले होते. खडखडीचे मूळ इंजिनाच्या सुट्या भागांत नसून इंधनाच्या रसायनात आहे, हे सिद्ध झाले.

१२.
रिकार्डोही त्याच ठिकाणी पोहोचला होता, पण वेगळ्या वाटेने. त्या काळी पेट्रोलची प्रत त्याच्या हलकेपणावरून ठरे. जड ते वाईट. बोर्निओतील पेट्रोल जड म्हणून नाकारले जाई. रिकार्डोने ते इंजिनात तपासले, तेव्हा खडखडीला तेच सर्वांत अधिक दाद न देणारे निघाले. पुढे शोरॅम येथील आपल्या कार्यशाळेत हेन्री टिझर्ड आणि डेव्हिड पाय यांच्यासह, शेल कंपनीच्या पैशाने, त्याने चालू असतानाच संपीडन गुणोत्तर बदलता येईल असे इंजिन बनवले. कोणते इंधन किती दाबापर्यंत गप्प राहते, हे त्यामुळे आकड्यांत मांडता येऊ लागले. टोल्यूइन हे संयुग त्यात फार वरचे ठरले.

१३.
डेटनमध्येही मोजमापाची सोय झाली. मिजली आणि त्याचा सहकारी टी. ए. बॉइड यांनी ‘उसळती सुई’ तयार केली. सिलिंडरच्या पातळ पडद्यावर एक सुई टेकवलेली असे. खडखडीचा धक्का बसला की ती उसळे आणि विजेचे मंडल क्षणभर जोडले जाई. त्या विजेने आम्लमिश्रित पाण्याचे विघटन होऊन वायू निघे. नळीत जमलेला वायू मोजला की खडखड किती झाली, ते कळे. दोन मिस्त्रींच्या कानांत मतभेद होऊ शकतात; नळीतील वायूच्या उंचीबद्दल वाद होत नाही.

१४.
आयोडीन महाग होते आणि धातू खात होते. १९१९ च्या आरंभी ॲनिलीन अधिक प्रभावी आढळले, पण त्याला दुर्गंधी होती. मग सेलेनियम आणि टेल्युरियम यांची संयुगे आली. त्यांचा लसणासारखा वास अंगातून आणि कपड्यांतून जाता जात नसे. पुढे मिजलीने अंदाजपंचे शोध सोडला आणि मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचा आधार घेतला. कोणत्या दिशेला गुण वाढतो, हे पाहत तो तळाशी असलेल्या जड मूलद्रव्यांपर्यंत आला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाची चाचणी झाली. गॅलनभर पेट्रोलला सुमारे ३ घनसेंटिमीटर पुरेसे होते. खडखड निमाली.

१५.
दुसरा एक उपाय त्यांना आधीपासून ठाऊक होता : अल्कोहोल. पेट्रोलमध्ये पुरेसे अल्कोहोल मिसळले तरी इंजिन वाजत नाही. पण त्यासाठी शेकड्यात मोजावे एवढे अल्कोहोल लागे. शिशाला गॅलनमागे काही थेंब पुरत. शिवाय अल्कोहोल कोणीही गाळू शके. त्यावर एकाच कंपनीची मालकी राहणे शक्य नव्हते. शिशाच्या वापराचे पेटंट मात्र घेता येत होते. केटरिंगची कंपनी एव्हाना जनरल मोटर्सचा भाग झाली होती. निवड कोणत्या बाजूला झुकली, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

१६.
फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर हे पेट्रोल प्रथम विकले गेले. त्याचे व्यापारी नाव होते ‘एथिल’. शिशाचा उल्लेख नावातून गाळला होता. त्याच वर्षीच्या इंडियानापोलिस शर्यतीत पहिल्या तिन्ही मोटारींनी हे इंधन वापरले आणि त्याची कीर्ती पसरली. १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून एथिल कंपनी स्थापन केली. शिसे इंजिनातच साचू नये म्हणून ब्रोमीनचे संयुगही त्यात मिसळले जाई. त्यामुळे शिसे धुराबरोबर बाहेर पडे. इंजिन स्वच्छ राहिले. घाण हवेत गेली.

१७.
शिसे विषारी आहे, हे रोमन काळापासून माहीत होते. खुद्द मिजली १९२३ च्या आरंभी शिशाच्या बाधेने आजारी पडून विश्रांतीसाठी फ्लोरिडाला गेला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे तेलशुद्धीकरण कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. काहींना आवरण्यासाठी बांधून ठेवावे लागले. पाच जण दगावले, तीसहून अधिक आजारी पडले. वृत्तपत्रांनी त्याला ‘वेड लावणारा वायू’ म्हटले. त्याच महिन्याच्या अखेरीस मिजलीने पत्रकारांसमोर या द्रवाने हात धुतले आणि त्याची वाफही हुंगून दाखवली.

१८.
मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने परिषद बोलावली आणि विक्री काही काळ थांबली. औद्योगिक विषबाधेच्या अभ्यासक डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन यांनी तेथे स्पष्ट इशारा दिला : प्रश्न कारखान्यातील कामगारांपुरता नाही, रस्त्यावर श्वास घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे. त्यानंतर नेमलेल्या समितीने काही महिन्यांची पाहणी करून बंदीला सध्या सबळ कारण नाही, असे म्हटले आणि पुढील संशोधनाची शिफारस केली. विक्री १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढील चार दशके या विषयावरील बहुतेक संशोधन उद्योगाच्याच पैशाने झाले. संथपणे चढणारे विष काही महिन्यांत दिसत नसते.

१९.
याच सुमारास आजही पंपावर दिसणारा एक आकडा जन्मला. एथिल कंपनीतील ग्रॅहम एडगर यांनी दोन शुद्ध द्रव निवडले. सहजासहजी न खडखडणाऱ्या आयसो-ऑक्टेनला १०० आणि लगेच खडखडणाऱ्या हेप्टेनला ० गुण दिले. त्यांच्या ज्या मिश्रणाइतके एखादे पेट्रोल वाजेल, त्यातील आयसो-ऑक्टेनचा शेकडा हा त्या पेट्रोलचा ‘ऑक्टेन क्रमांक’. १९२० च्या दशकाअखेरीस या चाचणीसाठी प्रमाणित इंजिनही तयार झाले. आपल्या पंपावरील ९१ किंवा ९५ हा आकडा म्हणजे खडखड सहन करण्याची मोजलेली क्षमता होय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांना बळ देणारे १०० ऑक्टेन इंधनही याच मोजपट्टीवरचे.

२०.
विषाचे निदान एका अनपेक्षित दिशेने झाले. क्लेअर पॅटरसन हा भूरसायनतज्ज्ञ उल्केतील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढत होता. १९५६ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेले उत्तर, सुमारे ४५५ कोटी वर्षे, आजही टिकून आहे. पण मोजमाप करताना त्याच्या प्रयोगशाळेत शिसे सर्वत्र सापडे : हवेत, धुळीत, माणसाच्या त्वचेवर. खोली अतिशुद्ध केल्याविना काम होईना. हे शिसे आले कोठून, याचा माग काढत तो समुद्राच्या पाण्यापर्यंत आणि ग्रीनलंडच्या बर्फापर्यंत गेला. वरचे, अलीकडचे थर शिशाने भरलेले, खोलचे जुने थर जवळजवळ स्वच्छ. १९६५ मध्ये त्याने जाहीरपणे मांडले, की आपण ज्याला शिशाची ‘नेहमीची’ पातळी समजतो, ती नैसर्गिक पातळी नव्हे.

२१.
पुढची पावले संथ पडली. १९७५ च्या अमेरिकी मोटारींत धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र आले. शिशाने ते निकामी होते, म्हणून बिनशिशाचे पेट्रोल आवश्यक झाले. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजून ते बुद्धीच्या आणि वर्तनाच्या तक्रारींशी जोडून दाखवले. १९७० च्या दशकाचा उत्तरार्ध ते १९९० च्या दशकाचा आरंभ या काळात अमेरिकनांच्या रक्तातील शिशाची सरासरी ७० टक्क्यांहून अधिक घटली. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच राहिले. मोटारींसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली.

२२.
आणि खडखडीचे काय? आज तिचे निदान गाडी स्वतःच करते. इंजिनाच्या अंगावर बसवलेला स्फटिकाचा छोटा संवेदक त्या सहा-सात हजारांच्या कंपाकडे कान लावून असतो. कंप जाणवताच संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो. १९७८ च्या ब्यूक टर्बो मोटारींत अशी योजना आली होती. स्क्रूड्रायव्हर कानाला लावणाऱ्या मिस्त्रीचे काम आता मटाराएवढ्या स्फटिकाकडे आहे. दुसरीकडे, ज्या अल्कोहोलला शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारले, तेच आज उसाच्या मळीतून आणि रसातून महाराष्ट्रातील साखर कारखाने गाळत आहेत आणि ते आपल्या पेट्रोलमध्ये मिसळले जात आहे. त्याचा ऑक्टेन क्रमांक शंभराच्या वर आहे. मायलेजविषयी आणि पाण्याच्या वापराविषयी त्याचे वाद आहेतच, पण खडखड थांबवण्याचा त्याचा गुण मिजलीनेही पाहिला होता.

२३.
या इतिहासात दोन निदाने आहेत. पहिले करणाऱ्याने कानावरचा विश्वास बाजूला ठेवला, आवडता अंदाज चाचणीला लावला आणि तो चुकताच टाकून दिला. हेच कसब त्याने आपल्या औषधाच्या बाबतीत वापरले असते, तर आजारपणातून उठल्यावर त्याने पत्रकारांपुढे हात धुतले नसते. दुसरे निदान करणाऱ्याकडे मोटारीशी संबंधित काहीच काम नव्हते. आपल्या मोजमापातील एक त्रासदायक चूक त्याने झटकून टाकली नाही, इतकेच. पहिल्याला पाच वर्षे लागली. दुसरे जगभर अमलात यायला पन्नासहून अधिक.

धागा येथे पूर्ण होतो. आपल्या घरातील जुन्या मोटारीच्या टाकीवर किंवा पुस्तिकेत ‘फक्त अनलेडेड’ अशी सूचना असेल, तर तिचे छायाचित्र खाली अवश्य जोडावे. ती लहानशी पट्टी कोठून आली, हे आता आपल्याला ठाऊक आहे.